टाचणीच्या मागे काळोख का येतो?

प्रश्न: तळ्याकाठी भरदुपारी टाचणीचे (चतुरासारख्या बारीक कीटकाचे) क्लोजअप काढते, पण फ्लॅश मारला की मागचं सगळं काळंकुट्ट. काय करू?

उत्तर: फ्लॅशचा उजेड दुप्पट अंतरावर चौथाईच उरतो आणि लेन्सचं छिद्र बारीक, म्हणजे एफ/११, आणि शटर १/२०० सेकंद ठेवलं तर मागच्या सावलीतला उजेडही फारसा शिरत नाही, म्हणून मागचं काळं येतं. सोपा उपाय म्हणजे खाली पडलेलं सागाचं पान टाचणीच्या मागे वीतभर अंतरावर धरायचं, फ्लॅश त्यावर पडतो आणि मऊ तपकिरी रंग येतो, निळ्या टाचणीला तर तो इतका खुलून दिसतो ना! अजून जवळ नेलं तर पानाच्या शिरा दिसायला लागतात. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची क्षमता, ८०० करूनही बघा. काळा बॅकग्राउंड रात्रीच्या पतंगाला शोभतो, उन्हातल्या टाचणीला मला तरी नाही पटत.