मुक्कामाच्या गाडीचं गाणं

प्रश्न : ताई, स.न.वि.वि. मी कराडचा. वय 26, मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. आमचे आण्णा एसटीत ड्रायव्हर. 34 वर्षं नोकरी करून येत्या महिन्यात ते निवृत्त होतायत. घरच्या कार्यक्रमात त्यांच्यासाठी स्वतः लिहिलेलं गाणं म्हणायचं आहे. यापूर्वी कधी काही लिहिलेलं नाही. चार रात्री बसून एवढंच जमलं :

हे पित्या, तू त्यागाचा सागर
तुझ्या चरणी अश्रूंची घागर

वाचलं की मलाच परकं वाटतं. आण्णांची ड्युटी कायम मुक्कामाच्या गाडीवर. आठवड्यातल्या तीन-चार रात्री ते घरी नसायचे. कधी ड्युटी बदलून अवचित रात्री परत यायचे, म्हणून आई रोज त्यांच्या वाटणीची भाकरी ताटात झाकून ठेवायची. पहाटे आले तर आम्ही उठू नये म्हणून रिकामा डबा मोरीत आवाज न करता ठेवायचे. हे सगळं मनात आहे, पण कागदावर येत नाही. काय करू?

उत्तर : माझा धाकटा तुझ्याच वयाचा आहे, म्हणून अरे-तुरे करते. तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा त्या झाकलेल्या भाकरीपाशीच थांबले. अरे, कागदावर येत नाही कसं म्हणतोस? आलंय की. फक्त तू ते गाण्यात न लिहिता पत्रात लिहिलंस.

आधी ‘हे पित्या’ काढून टाक. घरात तू त्यांना आण्णा म्हणतोस ना, मग गाण्यातही आण्णाच. जी हाक रोज तोंडात आहे तिच्यात तुझा आवाज आहे. ‘पित्या’ म्हणताच तू शाळेतल्या भाषणाला उभा राहतोस. घागर कुठून आली तेही दिसतं. सागरला यमक हवं होतं, म्हणून ती आली. मलाही सुरुवातीला यमक आधी सुचायचं आणि मग त्याच्यासाठी ओळ शोधावी लागायची. अशी ओळ ऐकणाऱ्याला लगेच कळते. कार्यक्रमाला येणारे आण्णांचे सोबती कंडक्टर-ड्रायव्हर आहेत. सागर त्यांनी हजार वेळा ऐकलाय, मोरीतला डबा मात्र त्यांच्याही घरचा आहे.

आता ठेका. नवख्याने सुट्या, मोकळ्या ओळींनी सुरुवात करू नये असं माझं मत आहे. चाल लावताना त्या हातातून निसटतात. आपल्याकडे अभंगाचा साचा आहे, तो घे. मोठ्या अभंगात पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे, चौथा चारचा, आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला. लघु-गुरूची भानगड नाही, फक्त अक्षरं मोजायची, जोडाक्षर एकच धरायचं. तुझ्याच पत्रातले शब्द त्यात बसवून पाहिले :

आण्णा मुक्कामाला
आई जागी घरी
ताटात भाकरी
झाकलेली

बोटांवर मोज. आ-ण्णा-मु-क्का-मा-ला, सहा. झा-क-ले-ली, चार. प्रेम, त्याग, माया यातला एकही शब्द यात नाही, आणि तरी आईची रात्र त्यात आहे. कुणाला काय वाटलं हे सांगायच्या मोहात पडू नकोस. वस्तू दाखव, माणसं आपोआप दिसतील. माझी आजी जात्यावर ओव्या म्हणायची. तिच्या ओवीत कधी ‘मला दुःख झालं’ नसायचं. भाऊ यायचा, त्याच्या बैलांच्या गळ्यातली घुंगरं वाजायची, आणि माहेरच्या वाटेवरची बाभळ यायची. आणि आम्ही पोरं का कोण जाणे गप्प बसायचो.

दुसरं, लिहू नकोस, आधी म्हण. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. घरातली-शेतातली कामं करता करता त्या गाणी रचायच्या, ती उतरवून घेतली दुसऱ्यांनी. तुझ्याकडे तर मोबाईल आहे. दुकानाचं शटर ओढल्यावर दहा मिनिटं ओळ मोठ्याने म्हणून रेकॉर्ड कर. जिथे जीभ अडखळेल तिथला शब्द बदल.

ओळीचा शेवट कशावर होतो हेही ऐक. माझ्या पहिल्यावहिल्या गाण्यात एक ओळ ‘दाट’ या शब्दावर संपत होती. आमच्या भजनी मंडळातले पेटीवाले काका सूर धरून थांबले आणि म्हणाले, “पोरी, ह्या ‘ट’वर गळा कुठं टेकवू?” ‘आ’, ‘ई’, ‘ए’, ‘ओ’ अशा स्वरांवर आवाज लांबवता येतो, ‘ट’वर दार लागतं. घरी, भाकरी, झाकलेली, तिन्हीकडे ‘ई’ आहे. म्हणून हे कडवं गाता येईल. ठेका भजनीच घे, आठ मात्रांचा. कराडात तो वाजवणारा तबलजी गल्लीत सापडेल.

डब्याचं कडवं मी लिहिणार नाही. तो आवाज न होणं तू अंथरुणात पडून ऐकलंयस, मी नाही. एवढंच सांगते, त्या कडव्यात दुसरं काही भरू नकोस. एका कडव्यात एकच वस्तू पुरते.

आणि आज संध्याकाळीच आण्णांना जवळ बसवून विचार, कुठल्या कुठल्या गावांना मुक्काम केलात? गाडीतच झोपायचात की देवळात? पाणी कोण आणून द्यायचं? गाण्याचं नाव काढू नकोस, नुसत्या गप्पा मार. गावांची नावं मात्र लिहून ठेव. पाटणकडची गाडी असेल तर बघ, ढेबेवाडी, हेळवाक, मोरगिरी, तिन्ही नावं चार अक्षरांची, चौथ्या चरणात जशीच्या तशी बसतात. गावाचं नाव कानावर पडल्यावर त्यांच्या सोबत्यांच्या माना कशा वर होतात ते तूच पाहशील.

पहिलं कडवं धृपद म्हणून दर वेळी परत म्हण. शेवटी मात्र ते बदल. हे मला पत्र बाजूला ठेवल्यावर, भांडी घासताना सुचलं. आवडलं तर घे :

आण्णा आले आता
कायमचे घरी
ताटात भाकरी
झाकू नको

हे म्हणताना आण्णांकडे नको, आईकडे बघ. गाणं त्यांच्यासाठी असलं तरी ही ओळ तिची आहे. तबलजीला सांग, इथे लय थोडी उतरव. ‘को’वर थांबायला जागा आहे. तिथे घाई करू नकोस.