एर्डमनवर दीर्घांक लिहिताना

अनेक आशीर्वाद.

सोव्हिएत नाटककार निकोलाय एर्डमनवरच्या तुझ्या दीर्घांकाचा आराखडा वाचला. त्यात एर्डमनला १९३३ साली अटक होते आणि १९७० मध्ये तो मरतो. मधली सदतीस वर्षं कोरी! त्याच्यावर लिहिणारे बहुतेक इथेच घसरतात, कारण हुतात्मा रंगवणं सोपं असतं. त्याने पुढे मोठं नाटक लिहिलं नाही हे खरं, पण त्याची लेखणी थांबली नव्हती.

वहीत तीन रकाने आख: साल, काम, श्रेयनामावलीत नाव आहे की नाही. १९२५, ‘द मँडेट’ हे नाटक, दिग्दर्शक मेयरहोल्डचं थिएटर: नाव आहे. १९३४, ‘जॉली फेलोज’ हा चित्रपट: नाही. चित्रीकरण चालू असतानाच काळ्या समुद्राकाठच्या गाग्रात त्याला आणि सहलेखक व्लादिमिर मासला पकडलं होतं. १९३८, ‘व्होल्गा-व्होल्गा’: पुन्हा नाही. आणि १९५१ साली ‘ब्रेव्ह पीपल’च्या पटकथेसाठी थेट स्टालिन पारितोषिक! तुझं नाटक या तिसऱ्या रकान्यात दडलंय.

हद्दपारी सैबेरियात, आधी येनिसेस्कला, मग तोम्स्कला. १९३६ मध्ये सुटका झाली, पण मॉस्कोत राहायची बंदी. युद्धकाळात तो नोकरीला कुठे होता? ज्या गुप्त पोलीस खात्याने त्याला उचललं, त्याच खात्याच्या गाण्या-नाचाच्या पथकात, लेखक म्हणून. हा प्रवेश आयता आहे, त्यावर भाष्याचा थर चढवू नकोस. त्याच पथकात युरी ल्युबिमोव्ह नावाचा तरुण नट होता. पुढे मॉस्कोचं टागांका थिएटर त्यानेच उभं केलं.

अटकेचं कारण म्हणून त्याच्या उपरोधिक बोधकथांचा उल्लेख होतो. नट कचालोव्हने क्रेमलिनच्या मेजवानीत त्या म्हटल्या, हा किस्सा तुला जागोजाग सापडेल. तो एखाद्या पात्राच्या तोंडी अफवा म्हणून घाल, निवेदकाच्या तोंडी नको.

‘द सुसाइड’ या त्याच्या दुसऱ्या मोठ्या नाटकावरच्या बंदीचा प्रवेश तू एका पत्रात उरकला आहेस. तसं घडलं नाही. मॉस्को आर्ट थिएटरच्या स्टानिस्लाव्हस्कीने १९३१ मध्ये स्टालिनला प्रयोगाच्या परवानगीची विनंती केली. नोव्हेंबरातलं उत्तर असं, की नाटकाबद्दल आपलं मत फारसं चांगलं नाही, जवळच्या सहकाऱ्यांना ते पोकळ, हानिकारकही वाटतं, तरी थिएटरने प्रयोग करून बघायला हरकत नाही. म्हणजे नकारही नाही आणि परवानगीही नाही. मेयरहोल्डही तालमी घेत होता. १९३२ साली पक्षनेता कागानोविच आणि मंडळी बंद दाराआड त्याचा प्रयोग बघून गेली, आणि मग विषय संपला. आपल्याकडे संहिता परिनिरीक्षण (सेन्सॉर) मंडळाकडे जाते, त्यावरून तिथली कल्पना करू नकोस. तिथे तालमी रंगात आल्यावरही वरून पडदा पडे.

आता ‘द सुसाइड’ची रचना. हे मूळ संहितेत सावकाश वाच. बेकार पोदसेकालनिकव मध्यरात्री बायकोला उठवतो, त्याला लिव्हरचं सॉसेज हवं असतं. भांडण होतं, तो नाहीसा होतो, बायको घाबरते. शेजारी कालाबुश्किन त्याला गाठतो तेव्हा तो काहीतरी तोंडात घालत असतो. शेजाऱ्याला ते पिस्तूल वाटतं, असतं सॉसेज. मरायचा विचार या माणसाच्या डोक्यात नव्हताच, तो समजावणाऱ्यांनी घातला. पाचही अंक याच खुंटीवर टांगलेत. पुढे बुद्धिजीवी, खाटीक, पाद्री, लेखक रांग लावतात: मरतोच आहेस, तर आमच्यासाठी मर. प्रयोग फसतो तो इथे. पोदसेकालनिकव पहिल्या प्रवेशापासून खिन्न केला, की सॉसेजवर हसू येत नाही. मग शेवटी तो शवपेटीतून उठून ‘भूक लागलीय’ म्हणतो तेव्हा प्रेक्षकाला काहीच वाटत नाही. त्याला आधी नुसता भुकेला, हट्टी ठेव. ट्यूबा हे फुंकून वाजवायचं पितळी वाद्य शिकून पैसे कमवायचा त्याचा बेत तर अजिबात कापू नकोस. शिकवणी पुस्तकातच पियानो विकत घ्या असं निघतं, आणि आशा तिथेच मोडते.

तुझ्या शेवटच्या पानावर एर्डमन मॉस्कोत या नाटकाच्या टाळ्या ऐकतो. ते पान काढ. त्याच्या हयातीतला प्रयोग झाला स्वीडनमध्ये, गोथेनबर्गला, १९६९ साली. तो गेला १० ऑगस्ट १९७० ला, आणि संहिता मायदेशी छापली गेली १९८७ मध्ये.

तिसऱ्या रकान्यासह दुसरा खर्डा पाठव.