शंका-समाधान : जुन्या मदरबोर्डवरची बॅटरी

प्रश्न (म्हापसा) : माळ्यावरच्या ३८६ (जुन्या पिढीच्या प्रोसेसरच्या) संगणकाला तारीख-वेळ लक्षात राहत नाही, कीबोर्डही लागत नाही. मदरबोर्डवरच्या पिंपासारख्या छोट्या बॅटरीभोवती हिरवट थर साचला आहे. ती काढून तिथेच सीआर२०३२ (नाण्यासारखा चपटा) सेल डाग देऊन बसवू का?

उत्तर : तसाच बसवू नका. ती बॅटरी म्हणजे निकेल-कॅडमियमचे १.२ व्होल्टचे तीन सेल, एकूण ३.६ व्होल्ट. संगणक चालू असताना मदरबोर्ड तिला चार्ज करत असतो. सीआर२०३२ चार्ज होणारा सेल नव्हे. त्यात प्रवाह उलटा शिरला तर तो फुगतो, फुटूही शकतो.

पण आधी तो थर. खरे नुकसान तिथे आहे. बॅटरीतून पाझरलेला अल्कली तांब्याचे ट्रॅक खातो, आणि या बॅटरीची जागा बहुधा कीबोर्डच्या सॉकेटजवळच असते. आपल्याकडच्या दमट हवेत हे खाणे थांबत नाही, तेव्हा पावसाळा सरायची वाट पाहू नका. हातमोजे घाला आणि कटरने बॅटरीचे पाय कापा. ओढू नका, ओढल्यास भोकातले तांबे पायासोबत निघून येते. उरलेले तुकडे फ्लक्स (सोल्डर नीट धरावे म्हणून लावायचा पदार्थ) आणि ताजे सोल्डर लावून मगच काढा.

सफाईला पुष्कळजण खायचा सोडा घेतात. तो आम्लासाठी, इथे अल्कली आहे, म्हणून व्हिनेगरच हवे, तेही पांढरे. माडाच्या व्हिनेगरचा रंग आणि गाळ बोर्डावर राहतो. टूथब्रशने व्हिनेगर लावा, पाच-दहा मिनिटांनी डिस्टिल्ड वॉटरने दोनदा धुवा, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल फिरवा. व्हिनेगर मागे राहिले तर तेही ट्रॅक खाणारच. पावसाळ्यात बोर्ड उघड्यावर वाळत नाही. सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात दोन दिवस ठेवा.

मग मल्टीमीटरने कीबोर्डच्या सॉकेटपासून एकेक ट्रॅक तपासा. काळ्या पडलेल्या तांब्यावर सोल्डर धरत नाही. ते चकाकेपर्यंत खरवडा, तुटलेल्या जागी ३० गेजची वायर जोडा.

नवा सेल होल्डरमध्येच ठेवा. होल्डरच्या धन टोकाला १एन४१४८ डायोड लावा, त्यावरच्या पट्टीची बाजू बोर्डाकडे. डायोड प्रवाह एकाच दिशेने जाऊ देतो, म्हणून बोर्डाचे चार्जिंग सेलपर्यंत पोहोचत नाही. होल्डर दुहेरी टेपने कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवला तर पुढे काही गळले तरी बोर्ड वाचतो. सेल घालण्यापूर्वी संगणक चालू करून होल्डरच्या टोकांवर मोजा : आकडा शून्याजवळ हवा. ४-५ व्होल्ट दिसले तर डायोड उलटा लागला आहे.

बॅटरी संपल्याने संगणकाच्या सेटअपमधली हार्ड डिस्कची नोंद पुसली असेल, पण डिस्कवरचा मजकूर जात नाही. डिस्कच्या लेबलवरचे सिलिंडर, हेड आणि सेक्टरचे (डिस्कच्या रचनेचे) आकडे सेटअपमध्ये पुन्हा भरा.

प्रश्न (फोंडा) : माझ्या ४८६ वर बॅटरीच दिसत नाही, तरी घड्याळ बंद पडले आहे.

उत्तर : डॅलस डीएस१२८८७ असे छापलेला जाड काळा ठोकळा शोधा, ती घड्याळाची चिप. लिथियम सेल त्याच्या पोटातच असतो. सॉकेटमध्ये असेल तर नवा बसवा, पण छापलेले वर्ष पाहून घ्या. जुना साठा आधीच संपलेला असतो. तो न मिळाल्यास बाजूचा प्लास्टिकचा थर घासून पिन १६ (ऋण) आणि २० (धन) उघड्या करा, आतल्या सेलकडे जाणारे जोड कापा आणि तिथे सीआर२०३२ चा होल्डर जोडा. इथे चार्जिंग नसते, म्हणून डायोड लागत नाही.