धोट्याचं वजन

कोल्हापूर,
बेंदराचा दुसरा दिवस

पोरी,

तुझी मेल परवा आली. फोनवर चित्रं नीट दिसेनात म्हणून कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून अकराच्या अकरा प्रिंट काढून आणल्या आणि जेवणाच्या टेबलावर मांडल्या. बेंदराचे मातीचे बैल अजून तिथंच आहेत. त्यामुळं दोन दिवस तुझ्या बर्लिनच्या कामाभोवती बैलांचा पहारा आहे आणि आम्ही दोघं ताट मांडीवर घेऊन जेवतोय.

आधी निकाल सांगून टाकतो, म्हणजे पुढचं पत्र तू धडधडत्या छातीनं वाचणार नाहीस. अकरापैकी तीन चांगली आहेत. बाकीची आठ सफाईदार आहेत. हे दोन शब्द वेगळे का, ते तुला सांगायला नको. आठवीत तुझं स्थिरचित्र फाडलं होतं मी, ते सफाईदार होतं म्हणूनच.

तू लिहितेस की तिथल्या क्युरेटरनं, म्हणजे प्रदर्शन मांडणाऱ्या बाईंनी, सगळं बघून विचारलं, यात भारत कुठं आहे? आणि त्या रात्री तू त्या एआय यंत्राला सांगून नवी चित्रं काढून घेतलीस. मागावर काम करणारी महाराष्ट्रातली बाई काढ, असं सांगितलंस आणि त्यानं काय दिलं? नऊवारी, नाकात नथ, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि मागाशेजारी पाण्याची घागर. अगं, तुमच्या गल्लीत मागासाठी सुताच्या कांड्या भरणाऱ्या बायका मी पंचवीस वर्षं बघतोय. गाऊनवर टॉवेल टाकून बसलेल्या, केसांत सुताचा भुगा, शेजारी मोबाईलवर मालिका लावलेली. नथ घालून कांडी भरणारी एकही मला आठवत नाही. तुलाही आठवत नाही. तरी ते चित्र तू ठेवलंस. का?

रागावून विचारत नाही. मीही ते केलंय. तरुणपणी मुंबईतल्या एका गॅलरीनं माझी दोन चित्रं घेतली, एक वासुदेवाचं आणि एक पावसातल्या एसटी स्टँडचं. वासुदेव आठवड्यात विकला गेला. मग फोन आला, अजून वासुदेव आहेत का? पोरी, मी बावीस वासुदेव काढले. शेवटी शेवटी मोरपिसाच्या टोपीचा कोन न बघता यायला लागला. स्टँडचं चित्र अजून माझ्या माळ्यावर आहे, त्याला वाळवी लागलीय. बाविसातला एकही वासुदेव कधी माझ्या दारात आला नव्हता, ते सगळे कॅलेंडरवरून आले होते. तुझ्या यंत्रानं तेच केलंय, फक्त त्याच्याकडची कॅलेंडरं अफाट आहेत.

ती कॅलेंडरं कुठून आली हे मात्र तुला माहीत असायला हवं. 1868 ते 1875 या काळात इंग्रजांनी आठ खंड छापले होते, हिंदुस्थानातल्या लोकांच्या फोटोंचे. माणूस उभा करायचा किंवा बसवायचा, फोटो काढायचा आणि सोबत लिहायचं: अमुक जात, तमुक स्वभाव, भरवशाची की बिनभरवशाची. सत्तावनच्या बंडानंतर सरकारला आपली रयत ओळखून ठेवायची होती. चित्र आणि त्याखाली एक ओळ. तुझं यंत्रही चित्र आणि त्याखालची ओळ यांच्या जोड्या खाऊनच शिकलंय. ते आठ खंड त्यानं खाल्लेत असं मी म्हणत नाही. पण माणसाला एका ओळीत बसवायची ती सवय पुढं पोस्टकार्डांत गेली, पर्यटनाच्या पोस्टरांत गेली, तिथून आपल्या स्वतःच्या डोळ्यांत आली. बंगळूरच्या कलावंत पुष्पमाला एन. यांनी 2000 नंतरच्या चार वर्षांत क्लेअर आर्नी या छायाचित्रकार बाईंबरोबर याच प्रकारच्या फोटोंची फिरकी घेतली. स्वतःच त्या 'नमुना' होऊन उभ्या राहिल्या, मोजपट्टीच्या चौकटी मागं लावून. ते काम शोधून बघ. हसू येतं आणि मग घशात अडकतं.

दुसरं, अजिंठा. तिथल्या भिंतीवरच्या पद्मपाणी बोधिसत्त्वाचा चेहरा तू मागाच्या लोखंडात मिसळलास. तुझ्या मेलमध्ये यावर एक अख्खा परिच्छेद आहे, 'वारसा परत मिळवणे' वगैरे. तो मला पटला नाही, आणि याच्यावर मला जरा बोलायचंय.

अजिंठ्याची नक्कल करणारी तू पहिली नाहीस. लष्करातल्या रॉबर्ट गिलनं वर्षानुवर्षं तिथं राहून मोठमोठे कॅनव्हास केले. ते लंडनला क्रिस्टल पॅलेसमध्ये लावले आणि 1866 च्या आगीत बहुतेक सगळे जळले. मग मुंबईच्या जेजे कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स 1872 पासून आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन जायला लागले. पेस्तनजी बोमनजींसारखी पोरं त्यात होती. तेरा वर्षं हे काम चाललं. नकला पुन्हा लंडनला गेल्या, आणि 1885 मध्ये साऊथ केन्सिंग्टनला पुन्हा आग. शंभराच्या वर कॅनव्हास जळाले म्हणतात. इकडं मूळ भिंतीवर रंग उठून दिसावेत म्हणून नकला करताना वार्निश फासलं गेलं. ते पिवळं पडलं, तडकलं. म्हणजे नक्कल जळाली आणि अस्सलही बिघडलं. वसाहतीची गोष्ट एवढ्यात सांगता येते, आणि बहुतेक लोक इथंच थांबतात.

मला मात्र त्या पोरांचं काय झालं याचं कुतूहल आहे. जेजेत त्यांना ग्रीक पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रतिकृती समोर ठेवून रेखाटायला शिकवत. सावली कुठं संपते, स्नायू कुठं वळतो. आणि तीच पोरं अचानक वाघूर नदीच्या वळणावर, वटवाघळांच्या वासात, अंधाऱ्या लेण्यात एका हाताच्या बोटांसमोर दिवसच्या दिवस बसली. तिथं सावलीवर फारसं काही उभं नाही. मुख्य काम रेषेवर चाललंय. बोट वळतं ते हाडामुळं नाही, रेषेला वळावंसं वाटतं म्हणून. साहेबानं त्यांना नेलं होतं नमुने गोळा करायला. पण चौथ्या-पाचव्या आठवड्यात त्यांच्या मनगटात काहीतरी गेलं असणार, जे कुणाच्या आदेशात नव्हतं. हे मी अंदाजानं म्हणतोय. पण चाळीस वर्षं पोरांना रेषा शिकवल्यावर एवढा अंदाज करायचा हक्क मला आहे.

नकलेचा फायदा नक्कल करणाऱ्याला होतो. कागदावर उरतं ते गौण. आता तूच सांग, पद्मपाणीची नक्कल कुणी केली? तू की यंत्रानं? मग मिळकत कुणाकडं गेली?

यावरून सर यंत्राच्या विरुद्ध आहेत असं मैत्रिणींना सांगू नकोस. मी कोल्हापूरचा आहे. खरी कॉर्नरला चौकात कॅमेऱ्याचा स्तंभ असलेल्या गावात राहून मी यंत्राच्या विरुद्ध कसा असेन? आनंदराव आणि बाबूराव, हे दोघे मेस्त्री भाऊ नाटकांचे पडदे रंगवणारे. सिनेमा बघून वेडे झाले आणि प्रोजेक्टर मिळवून त्याचाच कॅमेरा करायच्या मागं लागले. आनंदराव 1916 मध्ये गेले. बाबूराव पेंटरांनी नाद सोडला नाही, कॅमेरा इथंच बनवला आणि 1920 मध्ये त्यावर 'सैरंध्री' काढला. कीचकवध इतका खरा वाटला की सेन्सॉरनं तो प्रसंग कापायला लावला. यंत्राची कल्पना परदेशी, गोष्ट महाभारतातली, असं म्हणून लोक मोकळे होतात. मला महाभारतापेक्षा तो उघडलेला प्रोजेक्टर जास्त आपला वाटतो. रंगाऱ्याच्या हातांनी दातेरी चाकं घासली, फिल्म अडकली, तुटली, पुन्हा घासली.

आणि तुमच्या इचलकरंजीचं काय वेगळं आहे? यंत्रमाग म्हणजे लँकेशायरचं हत्यार, आपल्या हातमागवाल्यांच्या पोटावर आलेलं. 1904 मध्ये विठ्ठलराव दातारांनी तो गावात आणला. पुढं स्वदेशीच्या वाऱ्यात त्याच यंत्रावर गाव उभं राहिलं. तो माग 'आपला' झाला तो त्यावर कमळं विणली म्हणून नाही. तुमच्याकडं तर बिनरंगाचं, बिननक्षीचं ग्रे कापडच निघतं. तो आपला झाला जॉबरमुळं, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्या मेस्त्रीमुळं. तुझ्या अप्पांच्या कारखान्यातले ते जॉबर आठवतात? बारा माग एकदम खडखडत असताना दारातूनच सांगायचे, सात नंबरच्या मागाचा धोटा, आडवा धागा नेणारा तो, उद्या उडणार. एवढं यंत्र कानात भरलेलं.

आता ते सात नंबरचं काम तुझ्या चित्रांत बघ. जी तीन चांगली म्हणालो, ती ग्रे कापडाची आहेत. अप्पांच्या गोदामातल्या नाकारलेल्या ताग्यांचे चारशे फोटो काढून तू यंत्राला फक्त तेवढंच खायला घातलंस, असं लिहिलंयस. तुटलेला उभा ताणा, चुकलेला आडवा बाणा, तेलाचा डाग. यंत्राला फॉल्ट म्हणजे काय हे कळेना, त्याला ती नक्षीच वाटली. म्हणून त्यानं असं कापड काढलं जे कुठल्याच मागावर निघणार नाही. उभा धागा मध्येच आडवा होतो आणि परत येतच नाही. मी ते चित्र टेबलावरून उचलून खिडकीपाशी नेलं. माझ्या बायकोनं ते बघून विचारलं, हे कुणाचं कापड फाटलं? तिला भारत कुठं आहे असा प्रश्न पडला नाही.

क्युरेटरबाईंवर रागावू नकोस. त्यांनी विचारलं, त्यांचं कामच ते. पण उत्तर देण्याची घाई तुझी होती. चित्रकार अकबर पदमसींनी 1969 मध्ये नेहरू फेलोशिपच्या पैशांतून मुंबईत कॅमेरे, एडिटिंगचं सामान आणलं आणि बाकीच्या चित्रकारांना सांगितलं, या, वापरा. नलिनी मालानी तेव्हा जेजेतून नुकत्या बाहेर पडलेल्या, तेवीस वर्षांच्या. पुठ्ठ्याच्या घरांवर रंगीत उजेड टाकून त्यांनी फ्रेमफ्रेमनं छोटी फिल्म केली. ज्या स्वतंत्र देशात आपण उद्या राहणार, त्या देशाची घरं. त्यात ना घागर, ना नथ. आज त्याच बाई आयपॅडवर बोटानं चित्रं काढून हलवतात. मधली पन्नास वर्षं बघितलीस तर यंत्रं बदलत गेली, बोट तेच राहिलं.

कामाचं सांगतो. पद्मपाणी काढून टाक. घागरवाली बाई ठेव, पण प्रदर्शनात नाही, भिंतीवर, स्वतःच्या खोलीत, टोचत राहील अशी. ग्रे कापडाची मालिका वाढव. आणि यंत्राला आणखी फोटो देण्याआधी त्यातला एक फॉल्ट हातानं काढ, पेन्सिलीनं, धागा धागा. कंटाळा येईल. तिसऱ्या दिवशी कळेल ताणा नेमका कशामुळं तुटला होता, आणि मग यंत्राला काय द्यायचं आणि काय नाही, हे तुझं तू ठरवशील.

तुझ्या स्टेटमेंटबद्दल, म्हणजे चित्रांविषयी लिहिलेल्या त्या पानाबद्दल, थोडंच लिहितो, कारण ते वाचून माझं डोकं दुखलं. इंग्रजी माझं बेताचं, पण तुझ्या त्या पानावर तू कुठंच नव्हतीस एवढं मलाही कळलं. आधी मराठीत लिही. पोत, उठाव, मळलेला रंग, न बसलेलं चित्र, हे शब्द तू रोज वापरतेस, ते वापर. चित्रकार प्रभाकर बरवे विणकर सेवा केंद्रात वर्षानुवर्षं नोकरी करत होते, कापडाची डिझाइनं करत. त्यांनी रिकाम्या कॅनव्हाससमोर बसण्याबद्दल जे लिहिलं ते मराठीत लिहिलं. 'कोरा कॅनव्हास' माझ्याकडं आहे, पण माझी प्रत मी देणार नाही. मागच्या वेळी नेलेली दोन पुस्तकं अजून आलेली नाहीत.

गणपतीला येतेस म्हणालीस. अप्पा सहा माग भंगारात काढतायत असं परवा बाजारात कळलं, तुला त्यांनी सांगितलं नसेल. किलोवर जातात म्हणे. फोन कर आणि सात नंबरचा धोटा बाजूला काढून ठेवायला सांग. आल्यावर किराणा दुकानाच्या काट्यावर त्याचं वजन कर आणि मला आकडा कळव. मीही कधी केलेलं नाही.

तुझे,
सर