बुढी जेवण विसरते, ओव्या नाही विसरत, काहून?

यावेळचे प्रश्न दिसायला एकमेकांपासून लांब आहेत, कुत्रं, शुगर, मिरगी, म्हातारपण, भरतीचा अभ्यास. पण उत्तरं लिहायला बसलो तर सगळी एकाच जागी येऊन थांबली. कानाच्या आतल्या बाजूला, मेंदूत खोल, करंगळीएवढा एक वळलेला भाग असतो दोन्हीकडे, हिप्पोकॅम्पस, त्यातल्या पिरॅमिडल, म्हणजे तिकोनी अंगाच्या, पेशींपाशी. कुत्र्याचा प्रश्न आधी घेतो, त्याला थांबायला वेळ नाही.

राळेगावकडून एक दादा : धुऱ्यावर पोराला कुत्रं चावलं, पोटरीत दोन दात लागले. शेजारचे म्हणतात तिखट नाहीतर चुना भरा. कुत्रं गावातलंच आहे, तरी इंजेक्शन घ्यावं का?

घ्यावं काय, आजच घ्या. तिखट नाही, चुना नाही, हळद पण नाही. वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवायचं, घड्याळ लावून, आणि तसंच पीएचसी गाठायची. दात रुतून रक्त आलं असेल तर लसीसोबत जखमेत सिरम पण भरावं लागतं, ते तिथं नसलं तर जिल्ह्याच्या दवाखान्यात. आठ दिवस होऊन गेले असले तरी जा. हा विषाणू रक्तातून नाही, नसेतून म्हणजे मज्जातंतूतून मेंदूकडे सरकत जातो म्हणून आपल्याला वेळ मिळतो. १९०३ साली इटलीत नेग्री नावाच्या डॉक्टरला पिसाळून मेलेल्या जनावरांच्या मेंदूत, याच पिरॅमिडल पेशींच्या पोटात, गोल लालसर ठिपके दिसले आणि पुढं कितीतरी वर्षं रेबीजचं निदान त्या ठिपक्यांवरच व्हायचं, म्हणजे मेल्यावर. कॉलेजात ती स्लाइड मी पाहिली आहे. विषाणू तिथवर पोचून लक्षणं सुरू झाली की डॉक्टरच्या हातात जवळजवळ काहीच राहत नाही.

आर्वी तालुक्यातून एक ताई : सासूबाई ७४ वर्षांच्या. जेवून हात धुतला की दहा मिनिटांत आल्यागेल्याला सांगतात, "सून मले जेवाले देत नाही." पण जात्यावरच्या ओव्या अख्ख्या पाठ, कोणाकडं किती उसने होते ते पण पाठ. मागच्या हप्त्यात वावरातून येताना रस्ता चुकल्या. घरचे म्हणतात नाटक करते बुढी.

नाटक नाही ताई. आणि गावात तुमची बदनामी होते त्याचा राग येणं पण साहजिक आहे, पण ऐका.

उलंगवाडीनंतर पराटी उपटता ना, तेव्हा मुळाशी मातीचं ढेकूळ येतं. ते ढेकूळ म्हणजे पेशीचं अंग, खरं तर तिकोनी, म्हणून पिरॅमिडल. वरची काडी आणि तिच्या फांद्या म्हणजे निरोप घेणारे धागे, खालच्या बारीक मुळ्या म्हणजे तसेच आणखी धागे, आणि सोटमूळ म्हणजे निरोप पुढं नेणारी तार. फांद्यांवर बारीक बारीक फुगवटे असतात, एकेका फुगवट्यावर दुसऱ्या पेशीचा निरोप येऊन टेकतो. उंदराच्या एका पेशीवर असे सुमारे ३०,००० निरोप टेकतात, एका पेशीवर!

आता आठवण कशी धरते. या फुगवट्यांवर एक दार असतं, त्यात मॅग्नेशियमचं बूच बसलेलं. एकटा निरोप आला तर बूच हलत नाही, पण निरोप येतानाच पेशी आधीच जागी झालेली असली तर बूच निघतं, कॅल्शियम आत शिरतं आणि तो सांधा मजबूत होतो. पुढच्या वेळी त्याच वाटेनं निरोप सहज जातो. सांधा असा मजबूत होऊन तासन्‌तास तसाच राहतो हे १९७३ साली ब्लिस आणि लोमो या दोन शास्त्रज्ञांनी सशांवर दाखवलं. हे दार लक्षात ठेवा, खाली परत लागणार आहे.

सासूबाईंच्या ओव्या काहून शाबूत? तर जुनी आठवण मेंदूच्या वरच्या थरांत मुरलेली असते, हिप्पोकॅम्पस मुख्यतः नवं टिपायला लागतो. हे कळलं एका माणसामुळं, हेन्री मोलेसन. १९५३ साली अमेरिकेत मिरगीसाठी त्याच्या दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा बराचसा भाग काढला, मिरगी कमी झाली पण नवी आठवण बनणंच बंद. ब्रेंडा मिल्नर या शास्त्रज्ञ बाई वर्षानुवर्षं त्याला तपासत होत्या, दरवेळी तो त्यांना नव्यानंच भेटायचा. लहानपणचं मात्र सांगायचा, आणि आरशात बघून चित्र गिरवायला शिकला, रोज हात सुधारत गेला, पण आपण हे आधी केलंय हे काही त्याला आठवायचं नाही. म्हणून सासूबाई अजून सुबक वाती वळत असतील, जेवल्याचं मात्र टिपलंच गेलं नाही, तर त्या खोटं कुठं बोलल्या?

रस्त्याचं पण तिथलंच. याच पेशींमधली एखादी नेमक्या एका जागी आल्यावरच बोलते, बाभळीपाशी एक, नाल्यापाशी दुसरी. १९७१ साली ओकीफ या शास्त्रज्ञांनी उंदरांत हे पाहिलं, २०१४ साली त्याचं नोबेल मिळालं. अल्झायमरमध्ये बिघाड हिप्पोकॅम्पसला लागून असलेल्या भागात सुरू होतो आणि लवकरच या पेशींत शिरतो, आतल्या आत टाऊ नावाच्या प्रोटीनचा गुंता होतो.

पण अल्झायमरच आहे असं मी इथं बसून म्हणणार नाही. आधी बी-१२, थायरॉइड, शुगर तपासा, ऐकू नीट येतं का बघा, आणि त्या उदास असतात का ते पण. यातलं काही निघालं तर फरक पडू शकतो. तोवर जेवल्यावर ताट लगेच उचलू नका, समोर राहू द्या थोडा वेळ. आमच्या घरी आईसाठी हेच करायचो, उष्टं ताट दिसलं की गप बसायची.

दारव्ह्याहून एक भाऊ : बाबांनी एकादशीला शुगरची गोळी घेतली आणि जेवले नाहीत. सकाळी बेशुद्ध. शुगर ३० च्या खाली. सलाईननं शुद्धीवर आले पण महिना झाला, कालचं आज आठवत नाही.

हेच ते दार, मॅग्नेशियमच्या बुचाचं. मेंदूला साखर नाही मिळाली की पेशींना आपला कारभार आवरत नाही, निरोप पोचवणारं रसायन भरमसाठ सांडतं, दारं उघडीच राहतात आणि कॅल्शियमचा लोंढा आत. पराटीला पाणी लागतंच, पण आठ दिवस वावरात साचलं तर चिबडते, तसं. हिप्पोकॅम्पसच्या ज्या पट्ट्याला सीए-वन म्हणतात तिथल्या पेशी यात सहज बळी पडतात. रक्त थांबलं तरी त्याच. जपानच्या किरिनो यांनी १९८२ साली जर्बिल नावाच्या उंदरांत पाच मिनिटं मेंदूचं रक्त अडवलं, पहिल्या दिवशी पेशी ठीकठाक, चौथ्या दिवसापर्यंत बहुतेक मेलेल्या. म्हणून शुद्धीवर आला म्हणजे वाचला, सगळं झालं, असं नसतं.

बाबांचं किती परत येईल हे बेशुद्धी किती तास होती त्यावर आहे, काही महिन्यांत थोडं सुधारू शकतं, न्यूरॉलॉजिस्टला दाखवा. पुढच्या एकादशीआधी गोळीचं डॉक्टरला विचारा, कारण काही गोळ्यांचा असर लांबतो, साखरपाणी पिऊन बरं वाटलं तरी शुगर परत उतरते. आणि बेशुद्ध माणसाच्या तोंडात साखर कोंबायची नाही, श्वासात जाते.

घाटंजीकडून एक वाचक : बहिणीला पोटातून काहीतरी वर आल्यासारखं होतं, मग एकटक बघते, ओठ चावते, लुगड्याचा पदर चाळवते. दोन मिनिटं. गावात म्हणतात अंगात येते.

हे वर्णन वाचून मला मिरगीचाच संशय येतो, कानाजवळच्या भागातली. पडणं, हातपाय झाडणं प्रत्येक मिरगीत नसतं बाप्पा. अशा पुष्कळ पेशंटच्या हिप्पोकॅम्पसमध्ये याच पेशी मरून व्रण झालेला असतो, झोमर या जर्मन डॉक्टरनं १८८० सालीच ते लिहून ठेवलंय. एमआरआय आणि ईईजी (मेंदूतल्या विजेचा आलेख) करा. मोबाईलवर एका झटक्याचा व्हिडिओ घ्या, डॉक्टरला तुमच्या शंभर शब्दांपेक्षा तो बरा. कांदा-चप्पल हुंगवणं सोडा, गोळी सुरू झाली की मनानं बंद करू नका. दोन औषधं नीट घेऊनही थांबलं नाही तर ऑपरेशनचं विचारा, घाबरू नका, ते एकाच बाजूचं करतात आणि दुसरी बाजू धड आहे का ते आधी तपासतात, मोलेसनपासून धडा घेतलेला आहे. कॅनडात ८० पेशंटांवर अभ्यास झाला, २००१ साली छापला : वर्षभरात शुद्ध हरपणारे झटके ऑपरेशनवाल्या गटात ५८ टक्के लोकांचे थांबले, नुसत्या गोळ्यांवर ८ टक्के.

वणीचा एक विद्यार्थी : भरतीच्या परीक्षेसाठी रात्री तीनपर्यंत वाचतो, सकाळी कोरं. बदाम, ब्राह्मी घेऊ का?

बदाम खा, चांगले लागतात. पण झोप. दिवसभर उंदीर ज्या वाटेनं फिरला त्या जागांच्या पेशी झोपेत पुन्हा सोबत बोलतात, १९९४ साली हे मोजलेलं आहे, तिथंच आठवण मुरते. तू तीनपर्यंत पेरतो आणि पाणी द्यायच्या वेळी परत नांगर घालतो. अकराला पुस्तक मिट, सकाळी पान न उघडता काल काय वाचलं ते कोऱ्या कागदावर लिही, अडलं तिथंच फक्त बघ.