जुनी गाडी घेताना तपासणीचा रिपोर्ट कसा बघायचा
भावा, नुसतं पास लिहिलेलं बघून लगेच हो म्हणू नकोस, पास म्हणजे त्या दिवशी गाडी ठीक होती एवढंच. मागचे सगळे रिपोर्ट माग आणि तोच शेरा परत परत येतोय का बघ, येत असेल तर मालकाने काम टाळलंय. मी घेतलेल्या गाडीत बॉल जॉइंटला (चाकाजवळच्या फिरत्या सांध्याला) प्ले आहे, म्हणजे तो ढिला झालाय, असं दोनदा लिहिलेलं, लक्ष दिलं नाही, शेवटी अख्खा लोअर आर्म, म्हणजे तो सांधा ज्याला जोडलेला असतो तो खालचा दांडा, बदलावा लागला. टायरवरच्या तारखेचे 4 आकडे वाच, 2319 म्हणजे 2019 च्या 23व्या आठवड्यातला, नक्षी दिसली तरी रबर कडक झालेलं असू शकतं. आणि गाडी वर उचलून खालून बघच, रंग चकाचक असतो पण ब्रेक पाइप किंवा सस्पेन्शन जिथे बसतं तिथला पत्रा गंजाने खाल्ला असेल तर सरळ सोडून दे. बल्ब, वायपर किरकोळ.