वळायचं कोणी ठरवायचं

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. क्वालोया बेटावरच्या त्या बर्फाळ उताराचं वर्णन झकास जमलंय. खालचा फ्योर्ड, पलीकडची डोंगररांग, दुपारचं ऊन, सगळं डोळ्यांपुढे आलं. एकच गोष्ट सापडली नाही. तुझी बायको शेवटच्या चढाखाली थांबली ती का? तिने दिवस घालवला, तिला प्रयत्नच करायचा नसतो, असं आयुष्य कसं काढायचं, हे सगळं आहे. तिचं कारण कुठेच नाही. तुला ते माहीत नाही असं मी धरून चालते. आणि ते तू विचारलंही नाहीस, पन्नास पावलं एकटाच पुढे गेलास, मग पाय आपटत परत आलास. गाडीत कोणी बोललं नाही. अजून धड बोलत नाही आहात.

नॉर्वेच्या उत्तर टोकाला, ट्रोम्सोत नव्याने आलेल्या जोडप्यांना हा ताप येतोच. नोव्हेंबरच्या शेवटापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य वर येत नाही. २१ जानेवारीला गावभर सोलबोलर, म्हणजे सूर्याच्या नावाचे गोड पाव, खाऊन त्याचं स्वागत होतं. मग मार्च-एप्रिलमध्ये भरपूर उजेड आणि भरपूर बर्फ एकदमच हाताला लागतात, आणि माणूस हावरट होतो. रविवारी दुकानं बंद. सोमवारी ऑफिसात पहिला प्रश्न, कुठे जाऊन आलात? त्या प्रश्नाला उत्तर असावं म्हणून लोक काय काय करतात, ते मी पाहिलंय.

म्हणून सरळ सांगते. दोघांपैकी एकाने 'परत' म्हटलं की दोघांनी वळायचं. तिथल्या तिथे. डोंगरावर कारण विचारायचं नाही, घरी येऊन हिशेब मांडायचा नाही. आम्ही दोघं तिथे राहत होतो तेवढी सगळी वर्षं हे पाळलं, आणि त्यात मी कधी सूट दिली नाही.

तू म्हणशील, काकू, नॉर्वेत हे शेंबडं पोरही जाणतं. जाणतं ना. त्यांच्या डोंगरातल्या नऊ नियमांपैकी आठवा तोच आहे: वेळेत वळा, वळण्यात लाज नाही. क्विक लुन्श चॉकलेटच्या वेष्टनाच्या आतल्या बाजूलाही ते नियम छापलेले असतात. चॉकलेट खाता खाता वाचायचे आणि वर चालू लागायचं! वळायचं कोणी ठरवायचं, हे तो नियम सांगत नाही. दोघांत जो जास्त धीट, जो पुढे चालतो, ज्याच्या हातात नकाशा, त्यानेच ठरवायचं असं गृहीत धरलं जातं. माझं भांडण तेवढ्याशीच आहे. ज्याला आधी वळावंसं वाटलं त्याने ठरवायचं. दुसऱ्याने फक्त वळायचं.

हिमस्खलनाचे इशारे देणाऱ्या वारसोमच्या संकेतस्थळावर त्या दिवशी धोक्याची पातळी ३ होती, हे तूच लिहिलंयस. आणि पुढच्याच ओळीत, ५ पैकी ३ म्हणजे मधलंच की! मधलं नाही रे बाबा. पातळ्या चढतात तसा धोका नुसता एकेक पायरीने वाढत नाही, दुपटी-चौपटीने वाढतो. हिमस्खलनात जाणारे बरेच लोक नेमके ३ ला जातात, कारण ४ ला शहाणे घरी बसतात. तू सह्याद्रीत वाढलास, मला माहीत आहे. पण तिथे कातळ दिसतो, घसरडा आहे की नाही ते तळपायाला कळतं. बर्फात धोका आतल्या थरात असतो. वाऱ्याने आडोशाच्या बाजूला आणून टाकलेला बर्फ वरून घट्ट आणि देखणा दिसतो, खाली एखादा भुसभुशीत थर असतो, आणि तीस अंशांहून जास्त उतारावर तुझ्या स्कीच्या एका वळणाने तो सबंध तुकडा निघतो. अडकणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तो स्वतःच किंवा सोबत्यानेच सुटा केलेला असतो.

आता नीट वाच. तू त्याखाली गेलास तर तुला काढणार कोण? हेलिकॉप्टर येतं, रेडक्रॉसची माणसं येतात, सगळं फुकट येतं, पण त्याला वेळ लागतो. तुझ्याकडे पहिली दहा-पंधरा मिनिटं आहेत. तेवढ्यात, दोघांच्या अंगावर असतो त्या संकेत देणाऱ्या-पकडणाऱ्या ट्रान्समीटरने शोधणारी, सळई खुपसून बघणारी, फावड्याने उपसणारी बाई एकच, जिला तू गाडीत बसल्यावर मूड घालवणारी ठरवलंस. तिच्या मनाविरुद्ध तिला वर नेऊन तू स्वतःचाच सोडवणारा माणूस अर्धा करतोस. आणि तिला खाली सोडून पुढे जातोस तेव्हा तर त्या ट्रान्समीटरचा उपयोगच संपला. वर गेल्यावर फाटाफूट नाही. तुला ऑफिसातल्या मंडळींबरोबर लिंगेनच्या डोंगरांत जायचं असेल तर खुशाल जा, पण ते गुरुवारी रात्री स्वयंपाकघरात ठरव, उताराच्या मध्यावर नाही.

तुला वाटत असेल ही बाई भित्री म्हणून असं लिहिते. भित्रे तुझे काका. मी तुझ्यासारखीच होते, वरचा माथा दिसला की मला खालचं काही दिसायचं नाही. आमच्या खिडकीतून ट्रोम्सडालस्टिंडेन रोज दिसायचा. १२३८ मीटर, उन्हाळ्यात तर स्कीसुद्धा नकोत, म्हातारी माणसं दिवसभरात जाऊन येतात. आम्ही कधी पोहोचलो नाही. ह्यांना उघड्या उंचीवर गरगरायचं. एका ठिकाणी आले की म्हणायचे, परत. मी वळायचे. दर वेळी.

मैत्रिणी बोलल्या. नवऱ्याच्या मागे मागे चालणारी बायको, असंही ऐकलं. त्याचं उत्तर मी तेव्हा कोणाला दिलं नाही, तुला देते. समुद्रातल्या गळाला तिथे परवाना लागत नाही, त्यामुळे जुलैमध्ये ह्यांचं रोज मासे धरणं चालायचं. मासे एकामागून एक लागत असायचे, मध्यरात्री लख्ख उजेड, ह्यांचा चेहरा सात वर्षांच्या पोरासारखा. मला कंटाळा आला की मी म्हणायचे, परत. हे दोरी गुंडाळायला लागायचे. 'आणखी एकच' असं तोंडातून नाही. जानेवारीच्या अंधारात कोणाकडे जेवायला गेलो आणि माझ्याच्याने बसवेना, तर मी नुसतं बघायचे आणि हे कोट शोधायला उठायचे. एकतर्फी असतं तर मी पहिल्या वर्षीच झुगारलं असतं. मला कोणाच्या मागून चालायची सवय नाही, तुझ्या आईला विचार.

मग एकटी का नाही गेलीस, असं विचारशील. जाता आलं असतं. बोलावणारे होते. नाही गेले. आता गुडघे संपले, आणि तो डोंगर कुठे फोटोत दिसला की पोटात काहीतरी होतं, ते अजून होतं. हट्ट म्हण हवं तर. पण तो माथा आणि गळ गुंडाळणारे हे, यांतलं एक निवडायला सांगितलं तर मी पुन्हा तेच निवडेन, आणि पुन्हा हळहळेन.

बाकीच्या तक्रारी मी सोडून देते. बाथरूमच्या गरम फरशीवर हातमोजे, दारात बुटांचा ढीग, भर जूनमध्ये काळे पडदे लावायचे की नाहीत, हे निभतं. तिला काय आवडतं ते मात्र बघ. संध्याकाळी दिव्यांच्या स्कीवाटेवर सपाटीला जाता येतं, प्रेस्टवानेट तळ्याला एक चक्कर होते. १९५७ च्या कायद्याने कोणालाही मोकळ्या रानात हिंडता येतं, वस्तीच्या घरांपासून दीडशे मीटर लांब तंबू टाकून दोन रात्री राहता येतं. १५ सप्टेंबरनंतर जंगलाजवळ शेकोटीचीही बंदी उठते. हे सगळं सोमवारच्या प्रश्नाला उत्तर म्हणून चालतं. नाही चाललं तर तो सहकारी गेला खड्ड्यात.

आज तिला कारण विचार. डोंगरावर विचारायचं नाही म्हटलं, घरी विचारायला हरकत नाही, फक्त ऐकून घे आणि खोडून काढू नकोस. मग मला लिही. तुझ्या शब्दांत नको, तिला लिहू दे.

तुझी काकू

ता. क. फावडं धातूचं घ्या, प्लॅस्टिकचं दबलेल्या बर्फात वाकतं. आणि एक नाही, दोन घ्या. पहिल्यांदा सपाटीला एक ट्रान्समीटर तू पुर आणि तिला शोधू दे.